व्हर्च्युअल अप्लायन्सवर मीडियाविकी: इम्पोर्टपासून बॅकअप परत उभा करण्यापर्यंत

व्हर्च्युअल सर्व्हर अप्लायन्स म्हणजे आधीच कोणीतरी उभारून, बांधून ठेवलेला अख्खा सर्व्हर. ऑपरेटिंग सिस्टिम, वेब सर्व्हर, डेटाबेस सगळं आत असतं. फाइल उतरवायची, व्हर्च्युअल मशीन म्हणून इम्पोर्ट करायची आणि सुरू करायची. यात वेळ वाचतो हे खरंच आहे. पण त्या फाइलमध्ये सॉफ्टवेअरसोबत दुसऱ्या कोणीतरी आपल्या वतीने घेतलेले निर्णयही येतात: कुठले पोर्ट उघडे, कुठला वापरकर्ता सर्वाधिकारी, कशाचे अपडेट आपोआप होतात आणि कशाचे होत नाहीत. हे निर्णय तपासून मगच त्यावर स्वतःचं सॉफ्टवेअर बसवावं, असं माझं ठाम मत आहे. हा लेख त्याच क्रमाने जातो.

उदाहरणासाठी टर्नकी लिनक्सचं लॅम्प अप्लायन्स घेऊ. लॅम्प म्हणजे लिनक्स, अपाची, मायएसक्यूएल आणि पीएचपी. टर्नकीच्या अलीकडच्या आवृत्त्यांत मायएसक्यूएलच्या जागी मारियाडीबी असतो, आणि पाया डेबियनचा. त्यावर मीडियाविकी बसवायचं आहे, म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो तेच सॉफ्टवेअर. टर्नकीकडे मीडियाविकी आधीच बसवलेलं अप्लायन्सही मिळतं. तरी मी लॅम्प घेतोय, कारण आवृत्ती आपल्या हातात राहते आणि हीच पद्धत दुसऱ्या कुठल्याही पीएचपी सॉफ्टवेअरला लागू पडते. कमांड, फाइलींची नावं आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांतच द्यायची.

फाइल तपासा, मग इम्पोर्ट करा

अप्लायन्स बहुतेक वेळा ओव्हीए फाइलच्या रूपात मिळतं. ओव्हीए ही आतून साधी टार फाइल असते. तिच्यात मशीनचं वर्णन करणारी ओव्हीएफ फाइल, डिस्कची व्हीएमडीके फाइल आणि बऱ्याचदा चेकसमची, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळण्याच्या आकड्यांची, यादी असते. ओव्हीएफ हे डीएमटीएफ या संस्थेचं प्रमाण आहे, त्यामुळे एकच ओव्हीए व्हर्च्युअलबॉक्समध्येही चालते आणि व्हीएमवेअरमध्येही; ही दोन्ही व्हर्च्युअल मशीन चालवणारी सॉफ्टवेअर.

डाउनलोड पूर्ण झालं की प्रकाशकाने दिलेला शा-२५६ चेकसम जुळवून पाहा. टर्नकी चेकसमची फाइल स्वतःच्या जीपीजी (डिजिटल) सहीने देतं, तीही तपासा. अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम आपण दुसऱ्याकडून तयार घेतोय; या तपासणीला दोन मिनिटं द्यायलाच हवीत.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये फाइल मेनूतून 'इम्पोर्ट अप्लायन्स' निवडा. पुढच्या स्क्रीनवर तीन गोष्टी नीट बघायच्या. पहिली, मेमरी. छोट्या विकीसाठी २ जीबी पुरते. दुसरी, मॅक ॲड्रेसचं, म्हणजे नेटवर्क अडॅप्टरच्या ओळख क्रमांकाचं, धोरण. इथे सर्व नेटवर्क अडॅप्टरना नवे मॅक ॲड्रेस देण्याचा पर्याय घ्या, नाहीतर त्याच ओव्हीएतून दुसरं मशीन बनवलं की दोघांचा मॅक एक होऊ शकतो आणि राउटर गोंधळतो. तिसरी, डिस्क व्हीडीआय प्रकारात आणण्याची खूण. ती राहू द्या. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नंतर डिस्क मोठी करायची तर व्हीडीआय सोयीची पडते, व्हीएमडीके अडवते.

डिस्क मोठी करायची असेल तर ती आत्ताच करा. एकदा स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) घेतला की व्हर्च्युअलबॉक्समध्ये डिस्कचा आकार बदलणं त्रासाचं होतं. आणि आकार बाहेरून वाढवला तरी आतल्या लिनक्सला ती जागा आपोआप मिळत नाही. आधी पार्टिशन वाढवावं लागतं, मग एलव्हीएमचा (लिनक्समधल्या डिस्कच्या जागेची वाटणी करणारी व्यवस्था) फिजिकल व्हॉल्यूम, मग लॉजिकल व्हॉल्यूम आणि शेवटी फाइल सिस्टिम. 'एलव्हीएक्सटेंड' कमांडला छोटा 'आर' पर्याय दिला की शेवटच्या दोन पायऱ्या एका झटक्यात होतात.

पत्ता आधी ठरवा

इथे लोक घाई करतात आणि पुढे अडकतात. मीडियाविकी बसवताना स्वतःचा पत्ता 'डब्ल्यूजीसर्व्हर' या सेटिंगमध्ये कायमचा लिहून ठेवतं आणि पुढे भेट देणाऱ्याला त्याच पत्त्यावर पाठवत राहतं. त्यामुळे आज एका आयपीवर बसवलं आणि उद्या राउटरने दुसरा आयपी दिला, की विकी चालू असूनही उघडत नाही.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये नेटवर्क मुळात एनएटी प्रकारात असतं. त्यात मशीनला सहसा १०.०.२.१५ हा आयपी मिळतो. आतून इंटरनेट दिसतं, पण बाहेरून मशीन दिसत नाही. त्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग करावं लागतं. एकट्याने शिकण्यापुरतं हे ठीक आहे. इतरांनीही विकी वापरायचं असेल तर अडॅप्टर 'ब्रिज्ड' करा, म्हणजे मशीन नेटवर्कवर स्वतंत्र संगणकासारखं उभं राहतं. मग राउटरमध्ये त्या मॅक ॲड्रेससाठी आयपी राखून ठेवा आणि त्या आयपीला एक नाव द्या. नावं आयपीशी जोडणारं डीएनएस हातात नसेल तर प्रत्येक संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ लिहूनही काम भागतं. पुढे सगळीकडे हे नावच वापरायचं, आयपी नाही. मशीन हलवायची वेळ येते तेव्हा या एका निर्णयाने बरंच काम वाचतं.

पहिलं बूट

टर्नकी पहिल्यांदा सुरू होताना रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड आणि डेटाबेस सांभाळणाऱ्या ॲडमिनर खात्याचा पासवर्ड विचारतं. दोन्ही वेगळे ठेवा. टर्नकी हबच्या सेवेशी जोडणी हवी का, हेही विचारलं जातं. ती टाळली तरी काही अडत नाही. सुरक्षा सूचनांसाठी ईमेल मात्र खरा द्या. सुरक्षा अपडेट लगेच बसवायचे का असं विचारल्यावर 'हो' म्हणा. ओव्हीए बनली त्या दिवसापासून आजपर्यंत सापडलेल्या त्रुटी तिच्यात तशाच आहेत, हे विसरू नका.

शेवटी निळ्या पडद्यावर पत्त्यांची यादी दिसते: वेबसाइट, पोर्ट १२३२१ वर वेबमिन (ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळण्याचं साधन), १२३२२ वर ॲडमिनर, आणि एसएसएच (दुरून सुरक्षितपणे कमांड देण्याची सोय). वेबमिन उघडताना ब्राउझर इशारा देईल, कारण सर्टिफिकेट मशीनने स्वतःच बनवलेलं आहे. स्वतःच्या नेटवर्कवर, स्वतःच उभारलेल्या मशीनसाठी तो इशारा ओलांडायला हरकत नाही. इतर कुठे अशी सवय लावून घेऊ नका.

टर्नकी पहिल्या बूटच्या वेळी एसएसएचच्या होस्ट किल्ल्या, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या, नव्याने तयार करतं. सगळी अप्लायन्स तसं करतात असं नाही. दुसऱ्या कोणाचं अप्लायन्स घेतलं तर ईटीसी खालच्या एसएसएच फोल्डरमधल्या होस्ट किल्ल्यांची तारीख बघा. ती तुमच्या पहिल्या बूटच्या आधीची असेल तर त्याच किल्ल्या ती फाइल उतरवणाऱ्या प्रत्येकाकडे आहेत. त्या पुसून 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर' कमांडला 'ओपनएसएसएच-सर्व्हर' हे नाव द्या, नव्या तयार होतात.

आत काय चालू आहे ते बघा

एसएसएचने आत शिरा आणि 'एसएस' कमांड 'टीएलएनपी' पर्यायांसह चालवा. कुठली प्रक्रिया कुठल्या पोर्टवर कान देऊन बसली आहे, हे दिसतं. ही यादी सावकाश वाचण्यासारखी आहे. २२ वर एसएसएच, ८० आणि ४४३ वर अपाची, १२३२१ वर वेबमिन. पोर्टच्या आधीचा पत्ता महत्त्वाचा. मारियाडीबीच्या ३३०६ पोर्टसमोर १२७.०.०.१ असं असेल तर डेटाबेस फक्त त्याच मशीनच्या आतून दिसतो, आणि आपल्याला तेच हवं आहे. तिथे ०.०.०.० दिसलं तर तो सगळ्या नेटवर्कला उघडा आहे. मारियाडीबीच्या सेटिंगमध्ये 'बाइंड-ॲड्रेस' बदलून तो आत घ्या. वेबमिन आणि ॲडमिनर तुमच्याशिवाय कोणाला लागणार नसतील तर फायरवॉलमध्ये ते पोर्ट फक्त तुमच्या आयपीला उघडे ठेवा.

मग एसएसएच किल्लीने लॉगिन सुरू करा. स्वतःच्या संगणकावर ईडी२५५१९ प्रकारची किल्ली बनवा, 'एसएसएच-कॉपी-आयडी' कमांडने सर्व्हरवर पाठवा आणि दुसऱ्या खिडकीतून किल्लीने आत जाता येतंय याची खात्री करा. त्यानंतरच एसएसएचच्या सेटिंगमध्ये 'परमिटरूटलॉगिन' समोर 'प्रोहिबिट-पासवर्ड' लिहा. पहिली खिडकी तोवर बंद करू नका. वेळक्षेत्रही आत्ताच 'टाइमडेटसीटीएल'ने बरोबर लावा, म्हणजे पुढे लॉगमधल्या वेळा वाचताना मनात गणित करावं लागणार नाही.

आता मशीन बंद करून पहिला स्नॅपशॉट घ्या आणि नावात स्थिती लिहा: 'अपडेट झाले, मीडियाविकीआधी'. नुसतं 'स्नॅपशॉट १' असं नाव नंतर काहीच सांगत नाही.

पीएचपीची तयारी

मीडियाविकीची दीर्घ मुदतीची आवृत्ती निवडा. अशा आवृत्तीला साधारण तीन वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. १.४३ ही तशी आवृत्ती आहे. तिला पीएचपी ८.१ किंवा पुढची लागते, आणि डेबियन १२ मध्ये ८.२ असते, म्हणजे जमतं.

एपीटी हे डेबियनचं पॅकेज बसवणारं साधन. 'एपीटी अपडेट' करून पीएचपीची इंटल, एमबीस्ट्रिंग, एक्सएमएल, एपीसीयू आणि जीडी ही एक्स्टेन्शन्स डेबियनच्या पॅकेजमधूनच बसवा. पॅकेजमधून आलेल्या गोष्टींचे सुरक्षा अपडेट आपोआप येत राहतात, म्हणून जे पॅकेजमध्ये आहे ते बाहेरून आणू नये.

कधी कधी अपडेटच्या मध्येच एपीटी थांबतं आणि सांगतं की अमुक सेटिंग फाइल मूळ फाइलपेक्षा वेगळी आहे, नवी घेऊ की तुमची ठेवू. अप्लायन्सवर हा प्रश्न जास्त वेळा येतो, कारण बांधणाऱ्याने बऱ्याच फाइलींत बदल केलेले असतात. आपण हात लावला नसला तरी. आधी 'डी' दाबून दोन्हींतला फरक वाचा. काही सुचलं नाही तर 'एन' हे मूळ उत्तर ठेवा, म्हणजे आहे ती फाइल राहते. नवी फाइल आंधळेपणाने घेतली तर अप्लायन्सची अर्धी जुळवणी पुसली जाऊ शकते.

डेटाबेस आणि फाइली

ॲडमिनरमध्ये जाऊन विकीसाठी नवा डेटाबेस बनवा, कोलेशन (मजकूर जुळवण्याचा आणि क्रम लावण्याचा नियम) 'बायनरी' ठेवा. मग नवा वापरकर्ता: होस्ट 'लोकलहोस्ट', अधिकार फक्त याच डेटाबेसवर. विकीला डेटाबेसचं सर्वाधिकारी खातं कधीही देऊ नका.

मीडियाविकीची टार फाइल सहीसकट उतरवून तपासा आणि वेब फोल्डरमध्ये, म्हणजे व्हार खालच्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूमध्ये उलगडा. आवृत्तीचं नाव असलेलं फोल्डर तसंच ठेवून 'विकी' नावाची सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे नेणारा दुवा) त्याकडे वळवली तर पुढे अपग्रेड करणं सोपं जातं. फाइलींची मालकी रूटकडेच राहू द्या. अपाची ज्या 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' खात्याने चालतं, त्याला लिहिण्याची परवानगी फक्त 'इमेजेस' आणि 'कॅश' या दोन फोल्डरांत द्या. परवानगीची चूक दिसली की सरसकट ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळे अधिकार, देऊन मोकळं होण्याचा सल्ला इंटरनेटवर जागोजागी सापडतो. तो मानू नका. विकीत एखादी त्रुटी निघाली तर हल्लेखोराला कोडच्या फाइली बदलता येणार की नाही, हे नेमकं याच परवानग्यांवर ठरतं.

आणखी एक जागा तपासा. इमेजेस फोल्डरमध्ये मीडियाविकीची एचटीॲक्सेस फाइल (त्या फोल्डरपुरते अपाचीचे नियम) असते, पण डेबियनच्या मूळ सेटिंगमध्ये वेब फोल्डरसाठी 'अलाउओव्हरराइड नन' असल्यामुळे अपाची ती वाचतच नाही. म्हणून अपाचीच्या 'कॉन्फ-अव्हेलेबल' फोल्डरमध्ये स्वतःची छोटी फाइल लिहा, तिच्यात इमेजेस फोल्डरसाठी पीएचपी बंद करा, 'ए२एनकॉन्फ'ने ती लागू करा आणि अपाची रीलोड करा. इन्स्टॉलरही या फोल्डरची चाचणी घेतो आणि तिथे स्क्रिप्ट चालत असेल तर इशारा देतो.

इन्स्टॉलर

ब्राउझरमध्ये ठरवलेल्या नावानेच विकी उघडा, इन्स्टॉलर सुरू होईल. भाषेच्या यादीत 'मराठी' आहे; इन्स्टॉलरची आणि विकीची भाषा वेगवेगळी निवडता येते. डेटाबेसची माहिती भरा, प्रशासकाचं खातं बनवा. सोबत मिळणारी सगळी एक्स्टेन्शन्स निवडायचा मोह आवरा. हवीत तेवढीच घ्या, बाकीची नंतर एका ओळीने सुरू करता येतात.

शेवटी 'लोकलसेटिंग्ज' ही पीएचपी फाइल डाउनलोड होते. एसएफटीपीने ती विकीच्या फोल्डरमध्ये ठेवा. तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड आणि गुप्त किल्ली साध्या मजकुरात असते, म्हणून मालक रूट, गट डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा आणि परवानगी ६४० द्या.

आता त्याच फाइलमधल्या सेटिंग. अनोळखी माणसाला संपादन आणि खातं उघडणं बंद करायचं तर 'डब्ल्यूजीग्रुपपरमिशन्स'मध्ये तारांकित गटासाठी (लॉगिन न केलेल्यांसह सगळे) 'एडिट' आणि 'क्रिएटअकाउंट' दोन्ही 'फॉल्स' करा. एपीसीयू बसवलं आहे, तर 'डब्ल्यूजीमेनकॅशटाइप' समोर 'कॅश_ॲक्सेल' लिहा. पानं झटपट उघडू लागतात.

अपलोड मुळात बंद असतात. 'डब्ल्यूजीएनेबलअपलोड्स' चालू करा. तरीही मोठी फाइल चढली नाही तर दोष पीएचपीच्या मर्यादेत असतो: एका फाइलसाठी २ एमबी, पूर्ण विनंतीसाठी ८ एमबी. 'अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ' आणि 'पोस्ट_मॅक्स_साइझ' दोन्ही वाढवा. डेबियनमध्ये पीएचपी-आयएनआय फाइली दोन असतात, एक अपाचीसाठी आणि एक कमांड लाइनसाठी. बदल अपाचीच्या फोल्डरमधल्या फाइलमध्ये करायचा आणि अपाची पुन्हा सुरू करायचं. टर्मिनलवर नवा आकडा दिसतो पण ब्राउझरमध्ये फरक पडत नाही, अशी तक्रार असेल तर हमखास चुकीच्या फाइलमध्ये बदल झालेला असतो.

मराठी विकीसाठी दोन गोष्टी वेगळ्याने सांगतो. वर्गातली पानं मराठी वर्णक्रमाने लागावीत म्हणून 'डब्ल्यूजीकॅटेगरीकोलेशन'ला 'यूसीए-एमआर' द्या; याला इंटल एक्स्टेन्शन लागतं. पानं आधीच तयार झाली असतील तर देखभालीच्या फोल्डरमधली 'अपडेटकोलेशन' स्क्रिप्ट चालवा. दुसरी गोष्ट शीर्षकाच्या लांबीची. मर्यादा २५५ बाइटची आहे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे हातात ८५ चिन्हं. लांबलचक शीर्षक नाकारलं गेलं तर कारण हे असतं.

विकीची पडद्यामागची कामं, म्हणजे साचा बदलल्यावर त्यावर अवलंबून असलेली पानं ताजी करणं वगैरे, मुळात भेट देणाऱ्याच्या विनंतीला जोडून होतात. 'डब्ल्यूजीजॉबरनरेट' शून्य करून 'रनजॉब्ज' स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) दर काही मिनिटांनी, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा खात्याने चालवा.

विकी इंटरनेटवर उघडं करणार असाल तर टर्नकीच्या कन्सोल मेनूतून लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट घेता येतं. नेहमीच्या पद्धतीत मिळवण्यासाठी आणि नूतनीकरणासाठी पोर्ट ८० बाहेरून पोचायला हवं. मग डब्ल्यूजीसर्व्हरमध्ये एचटीटीपीएस लिहा.

अपडेटचे दोन प्रवाह

टर्नकी रोज आपोआप सुरक्षा अपडेट बसवतं, पण ते डेबियनच्या पॅकेजचे. आपण टार फाइलमधून आणलेलं मीडियाविकी त्या यंत्रणेला माहीतच नाही. त्याची जबाबदारी पूर्णपणे तुमची. मीडियाविकीची घोषणांसाठी स्वतंत्र मेलिंग यादी आहे, तिच्यात नाव नोंदवा. नवी आवृत्ती आली की डेटाबेसचा डंप (सगळ्या माहितीची फाइलमधली प्रत) घ्या, स्नॅपशॉट घ्या, नवी आवृत्ती शेजारी स्वतंत्र फोल्डरमध्ये उलगडा, लोकलसेटिंग्ज, इमेजेस आणि बाहेरून आणलेली एक्स्टेन्शन्स तिकडे न्या, सिमलिंक वळवा आणि 'अपडेट' स्क्रिप्ट चालवा. जुन्या फोल्डरवरच नवी फाइल उलगडली तर जुन्या आवृत्तीच्या उरलेल्या फाइली मागे राहतात आणि विचित्र चुका दिसू लागतात.

बॅकअप, आणि तो परत उभा करणं

स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका. तो मूळ डिस्क फाइलवर अवलंबून असतो आणि तिच्याच शेजारी पडलेला असतो. यजमान संगणकाची डिस्क गेली की दोन्ही जातात. खरा बॅकअप तीन गोष्टींचा: डेटाबेसचा डंप, इमेजेस फोल्डर आणि लोकलसेटिंग्ज फाइल. बाहेरून आणलेली एक्स्टेन्शन्स आणि अपाचीची लिहिलेली छोटी फाइल सोबत घेतली तर उत्तम. हे रोज रात्री दुसऱ्या मशीनवर जायला हवं.

परत उभं करून पाहायला अप्लायन्ससारखी सोय नाही. तीच ओव्हीए पुन्हा इम्पोर्ट करा, नवे मॅक ॲड्रेस द्या, पीएचपीची तीच पॅकेज आणि मीडियाविकीची तीच आवृत्ती बसवा, डंप भरा, फाइली जागेवर ठेवा. ब्राउझरमध्ये उघडण्याआधी मात्र थांबा. लोकलसेटिंग्जमध्ये जुना डब्ल्यूजीसर्व्हर तसाच आहे. नव्या मशीनच्या आयपीवर गेलात तरी विकी तुम्हाला गुपचूप जुन्या नावाकडे, म्हणजे मूळ सर्व्हरकडे पाठवेल, आणि सगळं ठीक दिसतंय म्हणून चाचणी पार पडली असं वाटेल. त्यामुळे चाचणी मशीनवर डब्ल्यूजीसर्व्हर बदला, किंवा फक्त तुमच्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये ते नाव तात्पुरतं नव्या आयपीकडे वळवा.

मग लॉगिन करा, एखादं जुनं पान आणि त्याचा इतिहास उघडा, एक चित्र पूर्ण आकारात बघा, मराठी शीर्षकं अक्षरं न तुटता दिसतात का ते बघा. शेवटी एका पानावर चाचणीची एक ओळ लिहून जतन करा आणि दुसऱ्या संगणकावरून मूळ विकीत जाऊन ती तिथे दिसत नाही ना हे पाहा. दिसली नाही तर तुम्ही खरंच नव्या मशीनवर होतात. होस्ट्स फाइल पूर्ववत करा आणि चाचणीचं मशीन डिस्कसकट काढून टाका.